गाद्यांवरची वर्तुळे

आमच्या मामांचे क्लॅरिनेट एका दक्षिणी संस्थानच्या बँडमधले. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन बँड बरखास्त झाला, तेव्हा इतरांनी थकलेल्या तनख्याची अर्जी केली, मामांनी वाद्य मागून घेतले. बालपणी त्याच्या चाव्यांची टपटप ऐकण्यापुरताच आमचा अधिकार होता. पुढे ते माझ्याकडे आले आणि संसाराच्या रहाटगाडग्यात ट्रंकेच्या तळाशी गेले. आता सेवानिवृत्तीनंतर त्याच्या जीर्ण गाद्या बदलावयास बसलो आहे.

चावीच्या वाटीत लाखेने बसविलेली ही गादी म्हणजे पुठ्ठ्याची चकती, तीवर लोकरीचा नमदा आणि त्यावर ताणलेली, वर्ख कुटणारे वापरतात तसली, आतड्याची तलम त्वचा. इव्हान म्युलरने १८१२ साली आपले तेरा चाव्यांचे वाद्य पॅरिसच्या संगीतविद्यालयापुढे ठेवले, तेव्हा सपाट चामड्याऐवजी अशाच भरीव गाद्या त्याने योजिल्या होत्या. निरनिराळ्या पट्टीच्या क्लॅरिनेटांचा स्वभावभेद नष्ट होईल या सबबीवर समितीने ते वाद्य नामंजूर केले. गादी मात्र, समित्यांचे निर्णय बहुधा ज्या गतीस जातात ती पाहता अपेक्षेप्रमाणेच, टिकली.

स्पिरिटच्या दिव्यावर वाटी धरताच लाख पाघळते व कसरीने पोखरलेली गादी सुटून येते. नवी बसविताना सिगारेटचा कागद चारी अंगांनी तिच्याखाली धरून ओढावा. एका अंगासही तो सैल निघाला, तर लाख पुन्हा ऊन करून गादी किंचित कलती करणे भाग पडते. हे काम उतावळ्याचे नव्हे.

परंतु माझे चित्त गुंतले ते जुन्या गाद्यांत. रंध्राच्या उंच कडेचे वर्तुळ प्रत्येकीवर उमटले होते. मात्र ज्या चाव्या स्प्रिंगनेच मिटलेल्या असतात त्यांवरील वर्तुळ हे केवळ स्प्रिंगचे कर्तृत्व, वादकाचे नव्हे. उजव्या करंगळीने दाबावयाची, एरवी उघडी राहणारी खालची चावी तेवढी खरी साक्षीदार, आणि तिच्यावरील वर्तुळ इतके खोल होते, की त्वचा तेथे चिरली होती. मामांना खर्जाची ओढ होती, असे मी लागलीच ठरवून टाकले असते. पण क्लॅरिनेट बाराव्या स्वरावर उडी घेते, त्यामुळे अंगठ्याची चावी उघडताच तीच मिटलेली गादी मंद्रातील स्वराऐवजी वरचा तार स्वर देते, आणि तिच्या दप्तरी दोहोंची नोंद एकाच शाईने होते.