पाटणचेरूहून आलेली सरी

ऑगस्ट २०२५च्या मध्यावर लेंडीच्या खोऱ्यात जो पाऊस कोसळला, त्यानं मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव या गावांत रातोरात पाणी घातलं. माणसं गेली, जनावरं गेली. त्या दुःखापुढे पिकाची गोष्ट काढायला जीभ रेटत नाही. पण माझं काम पिकाचं. आठवडाभरानं पाऊस जरा उघडला तसा चिखल तुडवत देगलूर तालुक्यातल्या एका शिवारात गेलो. बांधाला बांध लागून सोयाबीनची दोन रानं होती. वाण एकच, पेरणीत एका दिवसाचं अंतर. एक रान पिवळं पडलं होतं, दुसरं हिरवं होतं.

पिवळ्या रानातलं झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली. आत काळपट, सडका गर. हिरव्या रानातली गाठ फोडली, आत गुलाबी. गाठ गुलाबी असली की समजावं, आतले जिवाणू जिवंत आहेत आणि हवेतला नत्र झाडाला मिळतो आहे. आमच्या काळ्या मातीत पाणी थांबलं की मुळाला हवा मिळत नाही आणि या गाठी आधी मरतात. पान पिवळं पडतं ते नंतर. हिरव्या रानातली पेरणी रुंद वाफ्यावर केलेली होती. दोन सऱ्यांच्या मधे तीन-सव्वातीन फुटांचा वाफा, त्यावर सोयाबीनच्या चार ओळी. जास्तीचं पाणी सरीतून निघून गेलं होतं.

शेतकऱ्यांच्या तोंडी या पद्धतीचं नाव बीबीएफ, कागदोपत्री रुंद वरंबा सरी. नवं तंत्र म्हणून आम्ही ते शेतकरी मेळाव्यात सांगतो. मला मात्र ते सांगताना दरवेळी संकोच वाटतो, कारण ते नवं नाही. ते जिथं तयार झालं ती जागा आमच्याच रस्त्यावर आहे. अकोल्याहून निघून नांदेड, नरसी, देगलूर करत संगारेड्डीला जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या दारातून जातो. संगारेड्डीच्या पुढे पाटणचेरू. तिथं १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. त्याच वर्षी परभणीला आमचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. देगलूरहून पाटणचेरू दोनशे किलोमीटरही भरत नाही.

तिथल्या शास्त्रज्ञांनी हाती घेतलेला प्रश्न तर आमच्या आज्यापणज्याचाच होता. भारी काळं रान खरिपात मोकळं ठेवायचं, पावसाळाभर वखराच्या पाळ्या घालायच्या आणि पाऊस सरला की मुरलेल्या ओलीवर ज्वारी, करडई, हरभरा पेरायचा. पावसाळ्याचे चार महिने रान रिकामं. याला आळस म्हणणाऱ्यांनी ओल्या काळीत बैल घालून पाहावेत. ही माती पाण्यानं फुगते, चिकटते, पाय धरून ठेवते. उन्हाळ्यात माणसाचा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वापसा येतो तो चार दिवस. तेवढ्यात पेरलं तर पेरलं. पाटणचेरूत यावर उपाय काढला तो असा: मृगाच्या आधी, धूळवाफेतच पेरणी, जमिनीला अगदी हलका उतार देऊन कायमचे वाफे आणि सऱ्या, ज्वारीत किंवा मक्यात तुरीचं आंतरपीक, सऱ्यांचं पाणी गवत राखलेल्या चरातून शेततळ्यात. १९७६पासून तिथं दोन पाणलोट शेजारी शेजारी राखले आहेत, एक सुधारित, दुसरा जुन्या रीतीचा. सुधारित रानात वर्षाचं धान्य हेक्टरी पाच टनांच्या आसपास पडत आलं, जुन्या रीतीच्या रानात एक टनाच्या थोडं वर. पाऊस तोच, मातीही तीच.

मग देगलूरला हे पोचायला चाळीस वर्षं का लागली? माझं सगळं नोकरीचं आयुष्य या एका प्रश्नाभोवती गेलं आहे.

पहिलं कारण औजार. वाफे पाडायला इक्रिसॅटनं बैलांनी ओढायचा चाकांचा सांगाडा घेतला, नाव ट्रॉपिकल्टर. त्यालाच नांगर, पेरणीयंत्र, कोळपं जोडायचं. यंत्र उत्तम होतं. पण ते भारी आणि महाग होतं, आणि आपल्या लाल कंधारी किंवा देवणीच्या जोडीवर जगणाऱ्या शेतकऱ्याकडे तिफण-वखर आधीच होते, गावच्या सुतारानं केलेले आणि मोडले तर त्याच दिवशी दुरुस्त होणारे. पॉल स्टार्की नावाच्या अभ्यासकानं १९८८ साली जगभरातल्या अशा सांगाड्यांचा हिशेब मांडणारं पुस्तक लिहिलं. पंचेचाळीसहून जास्त नमुने, दहा हजारांच्या आसपास यंत्रं. आणि शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं सर्व कामांना वापरली अशी जवळपास नाहीतच. परिपूर्ण केलेली तरी नाकारलेली यंत्रं, अशा अर्थाचं त्या पुस्तकाचं नाव आहे. शेतीसंशोधन करणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. उतारावरच्या एका रानात आम्ही प्रात्यक्षिक घेतलं. वाफे देखणे पडले, सऱ्यांतून पाणीही नीट निघालं. निघालं ते थेट खालच्या रानात. खालचे मामा बांधावर उभे होते. म्हणाले, "साहेब, तुमचं पाणी तुमच्या वावरातून काढलात, बरं केलात. आता माझ्या वावरातून कुठं काढू ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझीच होती. पाटणचेरूचा प्रयोग अख्ख्या पाणलोटाचा होता, मी त्यातला एक तुकडा कापून एका सातबाऱ्यावर ठेवला होता. प्रयोगशेतात मालक एक असतो. गावात ओहोळाच्या दोन्ही अंगांना मिळून वीस खातेदार असतात, त्यात दोघांचं बोलणं बंद असतं आणि एकाचा दावा कोर्टात असतो. चर कुणाच्या रानातून न्यायचा हा प्रश्न सुटल्याशिवाय सरी पुरी होत नाही.

बियाण्याला असलं काही आडवं येत नाही. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-३३५ हे सोयाबीन १९९४च्या सुमारास प्रसारित झालं आणि काही वर्षांत आमच्या घराघरांत शिरलं. बदनापूरची बीडीएन-७११ ही पांढरी, लवकर येणारी तूर पाहुण्याकडून पाहुण्याकडे गेली, जाताना पंच्यात गाठ मारून नेलेली मी पाहिली आहे. बी शेतकरी स्वतः पेरून पाहतो, शेजारी बांधावरून बघतो, पुढच्या वर्षी मागून नेतो. त्याला ना यंत्र लागतं, ना शेजाऱ्याची संमती. तुरीचं बी घरी राखताना दुसऱ्या वाणापासून अंतर ठेवावं लागतं, नाहीतर मधमाशा परागाची सरमिसळ करतात. सोयाबीनची पोती उंचावरून आपटली तर पातळ टरफलाखालचा कोंब दुखावतो. २०२०च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही, दुबार पेरण्या झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे घालून उगवण मोजणारी घरं वाढली. सत्तर उगवले तर पेरायचे. एवढं साधं ज्ञान. ते पसरलं, कारण ते प्रत्येकाला एकट्यानं करता येतं.

सरी एकट्यानं होत नाही. म्हणून ती ट्रॅक्टर येईपर्यंत थांबली. सोयाबीन वाढलं, बैल घटले, ट्रॅक्टरमागे लावायचं बीबीएफ पेरणीयंत्र आलं. २०१८पासून जागतिक बँकेच्या मदतीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे आपल्या पोकरात, मराठवाड्यातले आठही जिल्हे घेतले गेले आणि शेतीशाळांतून ही पेरणी गावागावांत दाखवली गेली. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. त्याच टापूत नऊ वर्षांनी अतिवृष्टी. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरतं, जास्त झाला तर सरीतून निघतं. शिवाय बियाणं एकरी पाचवा हिस्सा तरी वाचतं. एवढं असूनही आमच्या तालुक्यात सपाट पेरा अजून जास्त आहे.

याचं कारण शेतकऱ्याचं अज्ञान, असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. यंत्र गावात एकच असतं आणि वापसा सगळ्यांच्या रानाला एकाच वेळी येतो. पहिल्या दिवशी नंबर लागला तो जिंकला. पाचव्या दिवशीचा माणूस वाट पाहत बसत नाही, मिळेल त्या यंत्रानं सपाट पेरून मोकळा होतो, आणि तो बरोबर करतो. अनुदानात आलेलं, पण खोली कशी लावायची आणि फण किती अंतरावर ठेवायचे हे कुणालाच न शिकवल्यामुळे गोठ्याशेजारी गंजत पडलेलं यंत्रही मी पाहिलं आहे. ज्या गावात एखाद्या पोरानं हे यंत्र चालवण्याचाच धंदा केला, एकरी भाडं ठरवलं, मे महिन्यातच नंबर वहीत लिहून घेतले, तिथं वाफे वाढले. सगरोळीसारख्या ठिकाणी, बाबासाहेब देशमुखांनी १९५९ साली संस्कृती संवर्धन मंडळ उभं केलं त्या गावी, आज कृषी विज्ञान केंद्र आहे; देगलूर-बिलोलीच्या माणसाला सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. असं जवळचं, विचारायला लाज न वाटणारं ठिकाण मला शंभर मेळाव्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या भागात एकाच शिवारात काळी आणि तांबडी, मुरमाड जमीन सापडते, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणाची हद्द इथंच सरते आणि ग्रॅनाइट सुरू होतो. मुरमाड रानात पाणी थांबतच नाही, तिथं या वाफ्यांवर पैसा घालू नये. सरकारी उद्दिष्टाच्या तक्त्यात मात्र दोन्ही रानं एकच हेक्टर म्हणून धरली जातात. परभणीच्या आणि कृषी खात्याच्या मंडळींना माझी विनंती आहे, की यंत्रं किती वाटली याऐवजी गावात किती यंत्रं मृगात चालली ते मोजा, आणि चर कुठून काढायचा याची बैठक पेरणीच्या महिनाभर आधी गावात घ्या.

शेवटची विनंती हा अंक वाचणाऱ्यांना. तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्यात, हैदराबादला, छत्रपती संभाजीनगरात राहता आणि गावाकडचं रान बटईनं किंवा ठोक्यानं देता. करार तोंडी असतो, एका सालाचा. पुढच्या साली रान आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो सरी-वाफ्यावर आणि चरावर पदरचा पैसा घालणार नाही. त्यानं का घालावा? माती तर तुमची वाचते. दिवाळीला गावी जाल तेव्हा तुमचं रान कसणाऱ्याच्या घरी जा. त्याला तीन सालांसाठी रान द्या, कागदावर लिहून द्या, आणि मृगातल्या वाफ्यांचं निम्मं भाडं तुम्ही द्या.