उंबरठ्याची उंची

गेली वीस वर्षे मी वर्गात 'उंबरठा' शिकवीत आले आहे. स्त्रियांच्या कवितेच्या तासाला हे प्रतीक उलगडून दाखवताना उंबरठ्याची उंची किती असते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गेल्या मे महिन्यात वाईच्या घरी टेप घेऊन बसले, तेव्हा कळले : माजघराचा साडेपाच इंच, न्हाणीघराचा सहा.

घर आजोबांच्या काळातले. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, शहाबादी फरशी, आणि माडीवर जाणारा उभा जिना. त्याला कठडा नाही, वरून सोडलेला एक दोर. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बाबा गेल्यापासून एकटी. जानेवारीत ती न्हाणीघरात पडली, मनगट मोडले. हाड जुळल्यावर मी पुण्याला येण्याचा विषय काढला. ती म्हणाली, "तुझ्याकडे मी पाहुणी असते गं. इथं मला दिवा लागत नाही." तेव्हा घरच बदलायचे ठरले.

मी पुस्तकी माणसाप्रमाणे आधी यादी केली. सगळे उंबरठे काढून उतार करायचे. पण चाकाच्या खुर्चीला चालेल अशा उताराचे प्रमाण एकास बारा. सहा इंच चढायला सहा फूट लांबी हवी. न्हाणीघरापुढचा बोळ जेमतेम चार फुटांचा. तेवढ्यात केलेला उतार म्हणजे घसरगुंडीच. आधाराचा दांडा बसवायला गेलो, तर ड्रिल लावताच ओंजळभर माती खाली आली. अखेर सुताराने भिंतीच्या दोन्ही अंगांना सागवानी फळ्या लावल्या, आरपार बोल्टांनी आवळल्या आणि त्यावर दांडा बसवायचे ठरवले. "मॅडम, म्हैस बांधली तरी हलायचा नाही," तो म्हणाला.

दांडा नेमका कुठे, याची खूण मी भिंतीच्या मधोमध केली होती. सुतार म्हणाला, "काकूंनाच विचारा, हात कुठं जातो." आई आत जाऊन पाटावर बसली. उठताना तिचा उजवा हात आपोआप दाराजवळ, माझ्या खुणेपासून हातभर दूर टेकला. तिथला चुना झिजून पंजाएवढा काळपट डाग पडला होता. तसाच डाग मला मग जिन्याच्या तोंडाशी दिसला. आणखी एक मागल्या दाराशी.

"इथंही पडली होतीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोनदा. सांगितलं असतं तर नेलं असतंस ना."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरोखरच नेले असते. माझ्या काळजीचा तिला पडण्यापेक्षाही धाक होता.

'वाडा चिरेबंदी' मी अनेक वर्षे शिकवले. वाड्याची पडझड ही एका व्यवस्थेची पडझड, असे आम्ही दरवर्षी म्हणतो. त्यातल्या वेळ विचारत राहणाऱ्या दादीला रात्री न्हाणीघरापर्यंत कोण नेत असेल, हे मात्र वर्गात कुणी विचारले नाही, मीही नाही. प्रतीके वाचण्याच्या सवयीने आपण वस्तू पाहायचे विसरतो की काय, अशी शंका आता येते.

असो. न्हाणीघराचा उंबरठा काढला, पाणी मोरीकडे वाहील असा ढाळ देऊन आतली जमीन बोळाच्या पातळीला आणली आणि वर खडबडीत फरशी घातली. आईचा पलंग माडीवरून माजघरात आला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारे दोन मंद दिवे लावले. 'दिवा लागत नाही' हे म्हणणे तिने तेवढ्यापुरते मागे घेतले. माजघराचा उंबरठा मात्र तिने काढू दिला नाही. पूर्वी ती त्यावर रोज रांगोळी काढी. आता वाकवत नाही. त्याच्या कडेला पांढऱ्या तैलरंगाचा ठळक पट्टा ओढला, शेजारी एक खांब उभा केला. कमी दिसणाऱ्या डोळ्यांना काळ्या लाकडाची कड कळत नाही, पांढरी रेघ कळते. रांगोळीने इतकी वर्षे हेही काम केले असेल, हे मला तेव्हा सुचले.

परवा तिचा फोन आला. "आज न्हाणीघरात जरा तोल गेला होता. दांडा धरला." ती आपणहून सांगत होती. माझ्या तोंडाशी पुण्याचा विषय आला होता. मी तो काढला नाही.

"लागलं नाही ना?" एवढेच विचारले.