बाबांची फियाट

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन दमलंय. धाकट्याचं टुमणं एकच : 118 एनईचं निसानवालं 1171 सीसी इंजिन टाकू! वणी रस्त्यावर ट्रक ओलांडताना जीव खालीवर होतो, हे खरंच.

मुकुटबनचे मिस्त्री हसले. "बसून जाते ना भाऊ. पण थांबवसान कशी? चारही चाकांले ड्रमब्रेक आहे." वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे आरटीओची परवानगी नि आरसीवर नवा नंबर. तेही होईल म्हणा.

आईनं एवढंच विचारलं, "मग तो आवाज येईल का रे? फाटकाशी आल्यावरचा?"

धाकटा गप्प.

असो. रविवारी जुनंच इंजिन उघडतोय. रिबोअरिंगचा खर्च कुणाला ठाऊक आहे का हो?