लेकीची उंची थांबली की काय?

माझी लेक दोन वर्षांची झाली, तेव्हाची गोष्ट. आदल्या महिन्यात अंगणवाडीत तिची उंची ८४ सें.मी. भरली होती. या महिन्यात मोजली, तर पुन्हा ८४! शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरगी बुटकीच राहते बघा." वर्गात मी मुलांना सेंटिमीटर शिकवते, पण त्या रात्री मला काही झोप आली नाही.

सकाळी अंगणवाडीताईंना विचारलं. त्या हसल्या. "मॅडम, मागच्या महिन्यात झोपवून मोजलं, आता उभं करून. दोन वर्षं झाली की उभंच मोजायचं. झोपवून माप ०.७ सें.मी. जास्त येतं." म्हणजे लेक वाढली होती, मोजायची पद्धत बदलली होती!

मग त्यांनी तक्ता समजावला. जन्मताना बाळ साधारण ५० सें.मी. असतं. पहिल्या वर्षी सुमारे २५ सें.मी. वाढतं, दुसऱ्या वर्षी १० ते १२, तिसऱ्या वर्षी ८ ते ९. वेग कमी होतो, ते नैसर्गिकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीची मधली उंची ८५.७ सें.मी. आहे, ७९.३ च्या खाली असेल तर खुजेपणा समजतात. तो नुसता आईबापाच्या उंचीवर नसतो. अपुरा आहार आणि वारंवारचं आजारपण यांनीही येतो.

पालकहो, शेजारच्या लेकराशी तुलना नको. दर तीन महिन्यांनी एकाच पद्धतीने मोजा, तारीख लिहा. तक्त्यावरची रेघ चढत असेल तर निश्चिंत राहा. सपाट झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.