पास

इंग्रजी शब्द पाहुणा म्हणून घरात येतो आणि बघता बघता सोयरीक जमवून बसतो. 'पास' हा त्यांतलाच एक. त्याला 'ना' हा फारसी उपसर्ग जोडून आपण 'नापास' घडवला. इंग्रजाला तो कळायचा नाही. मराठी पोराला मात्र निकालाच्या दिवशी त्याचा अर्थ पाठीवर कळतो!

तसा एक 'पास' आपल्या घरचाही आहे. 'पासून', 'आसपास' हे सारे संस्कृत 'पार्श्वा'चे गोत. त्यात जवळीक आहे. इंग्रजी 'पास'ची प्रकृती नेमकी उलटी: ओलांडणे, पुढे निघून जाणे.

आमच्या शेवगावच्या बसस्थानकावर मात्र पास म्हणजे एसटीचा पास. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी धावली. आणि ज्यांच्या नावाने बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास मिळतो, त्या अहिल्याबाई होळकर ह्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. दोन्हींचा मला उगाचच अभिमान वाटे.

एकदा बारावीच्या निकालानंतर एक विद्यार्थिनी स्थानकावर भेटली. आईवडील ऊसतोडीला जाणारे; ही आजीपाशी राहून शिकलेली.

"काय गं, पास झालीस ना? मग पेढे कुठायत?" मी थाटात विचारले.

"झाले ना सर. म्हणून तर पास गेला."

मी हसलो. कोटी चांगली जमली होती. ती मात्र हसली नाही, तेव्हा कळले की ही कोटी नव्हतीच.

चार दिवसांनी तिच्या वडिलांना गाठले. म्हटले, "पुढेही सवलत आहे. भाड्याचा तिसरा हिस्सा भरला की पास मिळतो. पहिला महिना मी भरतो."

ते शांतपणे म्हणाले, "पैशाचं नाही हो सर. फुकट होतं तोवर घरात कुणी विचारत नव्हतं. आता दर महिन्याला विचारतील, कशाला म्हणून."

ह्यावर द्यायला माझ्या एम.ए.च्या पदवीत उत्तर नव्हते. कॉलेज सुरू झाले. ती आली नाही.

इतकी वर्षे मी ह्या शब्दाची व्युत्पत्ती सांगत आलो, अर्थ मला तिने सांगितला. आता निकालाच्या दिवशी मी मुलींना 'पास झालीस का?' असे विचारत नाही. 'पुढचा पास काढलास का?' असे विचारतो. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नाही.