‘काका, नुसतं बघून जा’

सेंट्रल जर्सीत ओळखीचं मराठी जोडपं घर घ्यायला निघालं की मला फोन येतो. “काका, रिपोर्ट-बिपोर्ट नको, जरा नुसतं बघून जा ना.” मी होम इन्स्पेक्टर आहे. फी बुडते याचं दुःख नाही. नुसतं बघणंच मला परवडत नाही.

परवाना मिळवताना घाम निघाला, पण त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. न्यू जर्सीचा हा कायदा 1998चा. 180 तासांचं प्रशिक्षण, त्यातले 40 तास परवानाधारकाबरोबर खऱ्याखुऱ्या घरांत आणि तेही बिनपगारी. शिवाय 200 प्रश्नांची, चार तासांची राष्ट्रीय परीक्षा. शिक्षणाची अट काय, तर हायस्कूल पास. पुण्यातल्या माझ्या सिव्हिलच्या पदवीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बरंच झालं म्हणा. मी शिकलो होतो ते आरसीसी, आणि इथली घरं लाकडाची. एसीच्या डक्टसाठी कुणी ट्रस कापून ठेवलाय का, हे ॲटिकमध्ये ओणवं होऊन शोधायला त्या बिनपगारी तासांतच शिकलो.

डोकं खाल्लं ते इन्शुरन्सने. तो दोन प्रकारचा लागतो. ॲटिकमध्ये पाय घसरून खालच्या बेडरूमचं सीलिंग फुटलं, तर जनरल लायबिलिटी. जे दिसायला हवं होतं ते मी पाहिलंच नाही असा दावा आला, तर एरर्स अँड ओमिशन्स. इथे दर दाव्यामागे किमान पाच लाख डॉलरचं संरक्षण हवं. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की राज्याचा परवानाच नाही. राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व आणि किमान एक लाखाचा विमा पुरतो. कॅलिफोर्नियातही परवाना नाही.

यातली खरी मेख पुढेच आहे. घर तपासलं त्या वर्षीची पॉलिसी सहसा कामाला येत नाही. दावा येतो त्या दिवशी चालू असलेली येते. म्हणजे उद्या धंदा गुंडाळून पुण्याला गेलो, प्रीमियम थांबवला आणि मग इथल्या एखाद्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, तर मी उघडा. त्यासाठी वेगळे पैसे मोजून मुदत वाढवून घ्यायची. धंद्यात तिला ‘टेल’ म्हणतात.

मग जबाबदारी फीपुरतीच, असं करारात लिहून मोकळं का होऊ नये? एका इन्स्पेक्टरने तसं लिहिलं होतं. छप्पर गळतंय, अशी घर घेणाऱ्यांची तक्रार; दुरुस्तीचा आकडा हजारोंचा आणि कराराप्रमाणे भरपाई निम्म्या फीइतकी, 192 डॉलर 50 सेंट. 2004मध्ये न्यू जर्सीच्या अपील कोर्टाने ते कलम अन्यायकारक ठरवलं. आमच्या धंद्यातल्या काहींना तो निकाल अजून टोचतो. मला तो पटतो. परवान्याच्या जोरावर पैसे घ्यायचे आणि चुकलो तर निम्मी फी परत, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

आता ‘नुसतं बघा’चं काय होतं पाहा. ना करार, ना रिपोर्ट. अशा पाहणीच्या पाठीशी इन्शुरन्स कंपनी उभी राहीलच असं नाही, पण “घर चांगलंय” हा शब्द मात्र माझाच.

असंच एक जोडपं करार करायला नाइलाजानेच तयार झालं. घर पन्नासच्या दशकातलं, हीटिंग आता गॅसवर. मागच्या भिंतीलगत जमिनीतून एक जुना पाइप वर आलेला. जुन्या हीटिंगसाठी पुरलेली तेलाची टाकी शोधणं आमच्या ठरलेल्या तपासणीत बसत नाही. पण पाइप दिसतोय तर लिहायला हवंच. लिहिलं: खाली टाकी असण्याची शक्यता, टँक स्वीप, म्हणजे टाकीचा शोध, करून घ्या. नवरा वैतागला. “एवढं लिहायलाच हवं होतं का? सेलर बिथरेल.”

टाकी निघाली, चांगलीच गंजलेली. बरीच घासाघीस होऊन क्लोजिंगआधी ती सेलरच्या खर्चाने उपसली गेली.

पुढे त्याच्या मेहुण्याने घर बघितलं, तेव्हा फोन मेहुण्याचाच आला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर पहिला प्रश्न: “काका, तुमच्या इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आधी मेल कराल का?”