पहिला कोण?

थंडी पडली की आमच्या वाशिंदच्या मैदानावर रात्री दिवे लागतात आणि कबड्डीचे सामने रंगतात. मागच्या खेपेला माझ्या भाच्याच्या संघाने गटातले तिन्ही सामने जिंकले. पण अंतिम सामन्यात तो हरला. तोही कुणाकडून? गटात ज्यांना हरवलं होतं, त्यांच्याचकडून! ढाल तिकडे गेली. घरी आल्यावर भाचा जेवेना. "मामा, तीन जिंकून आम्ही दुसरे, आणि एक हरून ते पहिले? हे कसं?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना मला मोठी गंमत सापडली.

सामने दोन पद्धतींनी घेतात. साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. एखादा दिवस वाईट गेला तरी भरून काढता येतो. पण एक संघ फार पुढे गेला, की उरलेल्या सामन्यांत जीव राहत नाही. बाद पद्धतीत चुरस खूप, पण हरलात की थेट घरी! म्हणून मोठ्या स्पर्धांत आधी साखळी, मग बाद फेरी, अशी सांगड घालतात.

प्रो कबड्डीचा 2023-24 चा हंगाम घ्या. 12 संघ, प्रत्येकाचे 22 सामने. विजयाला 5 गुण, बरोबरीला 3 आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलात तर 1. आपल्या पुणेरी पलटणने 17 सामने जिंकले, 3 बरोबरीत सोडवले आणि 2 थोडक्यात गमावले. करा बेरीज! 85 अधिक 9 अधिक 2, म्हणजे 96. पुणे पहिलं! पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत. तिसऱ्या ते सहाव्या संघांना मात्र एक सामना जास्त. तरी पाचवा आलेला हरयाणा स्टीलर्स झुंजत अंतिम फेरीत पोचलाच. 1 मार्च 2024 ला हैदराबादला पुणे जिंकलं, पण 28-25 असं. फक्त तीन गुणांनी!

आता जपानला चला. तिथे बेसबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखं. सहा-सहा संघांच्या दोन लीग. 2024 साली प्रत्येक संघ 143 सामने खेळला. प्रत्येक लीगमधले पहिले तीन संघ पुढे जातात. आधी दुसरा आणि तिसरा भिडतात; दोन सामने जिंकेल तो पुढे. मग त्याची गाठ पहिल्याशी. 2024 साली तिथे चार विजय लागत होते, पण पहिल्याच्या खात्यात एक विजय आधीच मांडलेला होता! शिवाय सगळे सामने पहिल्याच्याच मैदानावर. वर्षभराच्या मेहनतीचं हे बक्षीस 2008 पासून मिळतं.

तरीही 2024 साली नवल घडलं. योकोहामाचा संघ 71 जिंकून, 69 हरून तिसरा आला होता. त्याने आधी दुसऱ्या हानशिनला हरवलं, मग पहिल्या योमिउरी जायंट्सला. शेवटी दुसऱ्या लीगचा विजेता सॉफ्टबँक समोर आला, 91 सामने जिंकलेला. त्यालाही 4-2 असं नमवून योकोहामा जपानचा विजेता झाला!

मग जायंट्सची मेहनत वाया गेली का? मुळीच नाही. त्या वर्षीचा त्यांच्या लीगचा विजेता म्हणून आजही जायंट्सचंच नाव आहे. जपानी लोक दोन मान वेगळे ठेवतात: एक वर्षभर टिकणाऱ्याचा, एक ऐन वेळी उसळणाऱ्याचा. मला हे फार आवडलं. अभ्यासात नाही का, रोज गृहपाठ करणारा एक आणि परीक्षेत चमकणारा दुसरा असतो? दोघंही हुशारच.

तेव्हा यंदा तुमच्या आळीत सामने भरवाल, तेव्हा दोन गोष्टी करा. नियम आधीच फळ्यावर लिहून लावा, म्हणजे मागाहून भांडण नको. आणि ढालीबरोबर एक छोटं प्रशस्तिपत्रक ठेवा, साखळीत पहिला येणाऱ्या संघासाठी. खर्च तो काय, एका कार्डशीटचा!